खटका

पंचनाम्यात लिहिलं आहे:
खटक्याचा चाकू, नग एक.
पात्याची लांबी साडेआठ सेंटिमीटर.
मुठीला काळी टेप, जुनी.
कुठे मिळाला: स्कूटरच्या डिक्कीत,
रेनकोट आणि सांबारवड्यांच्या पुड्याखाली.
कोणाकडे: हेमराज तुकाराम निनावे,
वय बेचाळीस, राहणार गोळीबार चौक,
नोकरी अग्निशमन.
मानकापूर, नाकाबंदी, रात्री पावणेबारा.

रकाने इथेच संपतात.

मी विचारलं, यानं आजवर काय काय कापलं
ते कुठे लिहायचं?
हवालदार चकोले म्हणाले,
"तसा रकाना नसते, बाबू."

मग तोंडीच सांगितलं.
कामठी रोडवर उलटलेल्या गाडीतला पट्टा;
त्यात एक बाई उलटी लटकत होती
आणि मला विचारत होती, माझी चप्पल दिसते का कुठे.
आणि करीच्या दिवशी, सदरच्या पुलावर,
नायलॉनचा मांजा,
पोराच्या मफलरीत, मफलरीच्याही आत.
एका हातानं मांजा गळ्यापासून उचलून धरायचा.
तो हात सोडायचा नाही, काही झालं तरी.
मग उरतो एकच हात.
त्या हाताचा अंगठा म्हणजे हे बटन, साहेब.

दोन्ही वेळा मी सुट्टीवर होतो.
एकदा तर बहिणीकडे तिळाचे लाडू पोचवायला निघालेलो.

"अन् ड्युटीवर राह्यला असता तर?"
ड्युटीवर कुऱ्हाड असते.
इतवारीच्या भर गर्दीत
लोक कुऱ्हाडीला वाट करून देतात,
तिची लांबी कोणी मोजत नाही.
पाळी संपली की कुऱ्हाड खुंटीवर राहते,
हेल्मेट राहतं,
कान मात्र घरी येतात.
कुठेही ब्रेक किंचाळला
की मी ताटावरून उठतो.
या कानांचा परवाना कोणत्या ऑफिसात मिळतो?

चकोले म्हणाले, "दाबून दाखव."
मी दाबलं.
खट्.
चकोले अर्धं पाऊल मागे सरले.
बावीस वर्षांची नोकरी, हातात काठी,
पाठीशी चार शिपाई, तरी सरले.
मग स्वतःच्याच बुटांकडे पाहत म्हणाले,
"पाह्यलं? कायदा कायदा म्हनते ना, तो एवढाच हाय.
हे अर्धं पाऊल.
मले काय मालूम, तू निनावे हायेस का दुसरा कोनी.
अंधारात खटका सारखाच वाजते."

मला उत्तर सुचलं नाही.
एवढंच आठवलं, की एकदा घरी
पार्सलची दोरी तोडायला मी तो उघडला होता,
आणि माझी मयूरी
काही न बोलता दाराआड गेली होती.

तो आता मालखान्यात आहे.
गळ्यात सुतळीनं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी.
शेजारी दुसरे असतील,
ज्यांच्या चिठ्ठीवर माणसांची नावं आहेत.
रात्री त्यांच्यात विषय निघाला
तर हा काय सांगणार?
मी पट्टे कापतो?
हसतील त्याला.

तारीख पुढच्या महिन्यात.
वकील म्हणतो, चांगला माणूस आहेस हे सांगू,
पण सांगायचं कुठे, ते बघावं लागेल.

डिक्कीत आता कात्री आहे.
मेडिकलच्या एका सिस्टरनं दिलेली,
बोथट टोकाची, कोणालाही मागे न सरकवणारी.
तिच्या कड्यात बोटं नीट घालावी लागतात,
आणि घाईत बोटांना कडी सापडत नाही.
घरातले झोपले की
मी जुन्या पट्ट्यावर सराव करतो,
डाव्या हातानं
हवेत कुणाचा तरी मांजा उचलून धरून.
आधी नऊ सेकंद लागायचे.
काल सहा लागले.
बटनाला दोन लागायचे.